पोरगं जाईल का?

नोव्हेंबर उजाडला, कापसाचा पहिला वेचा घरात आला आणि आयपीएलच्या लिलावाची तारीख पेपरात झळकली की जालन्यात गांधी चमनजवळच्या एका चहाच्या टपरीवर एक समिती आपोआप गठित होते. तिला अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही, कोरमची अट नाही. चहाची उधारी तेवढी आहे. विषयपत्रिकेवर विषय एकच : "पोरगं जाईल का?"

पोरगं दर वर्षी बदलतं, प्रश्न तोच राहतो. मागे परतूरचा एक लेगस्पिनर होता, ज्याचा चेंडू म्हणे हातभर वळायचा. त्याच्या आधी भोकरदनचा एक फास्टर होता. वेग मोजायचं यंत्र कुणाकडेच नसल्यामुळे तो दीडशेच्या खाली कधी आलाच नाही. दोघेही लिलावात गेले नाहीत. लेगस्पिनर आता मोबाइलच्या दुकानात हप्त्यांचे फॉर्म भरतो आणि फास्टर ट्रॅक्टर चालवतो, तोही सावकाश. समितीला याचं फारसं वाईट वाटत नाही. तिचं काम पारख करण्याचं. पुढचं काम फ्रँचायझींचं, आणि त्यांना अक्कल नाही, हा ठराव केव्हाच मंजूर झालेला आहे.

यंदा पाळी आली अंबड तालुक्यातल्या एका डावखुऱ्या पोराची. बी.कॉम. दुसरं वर्ष, उंची बेताची, बॅट उसनी. समितीतले मोंढ्यातले अडते हे त्याचे सख्खे मामा, त्यामुळे अर्ज छाननीत अडकला नाही.

"गुरुजी, आमच्या भाच्याची बॅटिंग बघितली का?" मामांनी विचारलं.

"बघितली. पोराला मनगट आहे," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले.

"मनगट तर सगळ्यांनाच असतं की वो," रोलिंग मिलमधले सुपरवायझर म्हणाले.

"असतं. पण वापरतं कोण?"

यावर सुपरवायझर आपल्याच मनगटाकडे बघत बसले. प्रस्तुत लेखकानेही चोरून स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे बंद पडलेलं घड्याळ होतं.

लेखकाचं या समितीतलं स्थान फारच खालचं. तो वाचून आलेला असतो आणि वाचून आलेल्या माणसाला टपरीवर बसायला अर्धाच बाक मिळतो. त्याने अदबीने एक नियम सांगितला : आयपीएलच्या लिलावाला नाव द्यायचं तर राज्य संघटनेमार्फत द्यावं लागतं, आणि एकोणीस वर्षांखालच्या पोराने निदान एक प्रथम श्रेणी सामना खेळलेला असावा लागतो. पोरगं नुकतंच अठरा पूर्ण झालेलं. अजून ते महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या निमंत्रितांच्या सामन्यांतही जिल्ह्याकडून खेळलेलं नाही. शिवाय २०२४च्या नोव्हेंबरात जेद्दाहला झालेल्या मोठ्या लिलावासाठी १,५७४ जणांनी नावं नोंदवली आणि विकले गेले फक्त १८२.

"तुम्ही लई निगेटिव्ह बोलता बुवा," मामा म्हणाले. "एकशे ब्याऐंशी गेले ना? मग एकशे त्र्याऐंशीवा जायला काय हरकत आहे?"

या युक्तिवादाला उत्तर नसतं. शिवाय जालनेकरांच्या हातात एक हुकमाचं पान आहे आणि ते पडलं की भल्याभल्या आकडेवारीची बोलती बंद होते. त्या पानाचं नाव विजय झोल.

हे मात्र अगदी खरंखुरं. नोव्हेंबर १९९४मध्ये जालन्यात जन्मलेल्या या डावखुऱ्या फलंदाजाने २०११मध्ये कूचबिहार करंडक स्पर्धेत, म्हणजे एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यात, महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. चारशे एक्कावन्न! एका पोराने, एका डावात, आणि तरीही नाबाद. जालन्यात या खेळीचे प्रत्यक्षदर्शी जिथे तिथे भेटतात. बडी सडकेवर भेटतात, मोंढ्यात भेटतात, बसगाडीची वाट बघत उभे असलेले भेटतात. इतके लोक त्या दिवशी खरोखरच मैदानावर असते, तर आसामच्या कर्णधाराला क्षेत्ररक्षण लावायला जागा उरली नसती. सुपरवायझरांनी तर त्या खेळीतला एक षटकार आपल्या अंगावरून गेल्याचं सांगितलं. त्या आठवड्यात ते मिलमध्ये नाइट शिफ्टला होते, असं त्यांच्या सौभाग्यवती सांगतात. पण पारखी माणसाच्या आठवणीला हजेरीपट लावायचा नसतो.

खरी गंमत त्या आकड्याच्या आजूबाजूला आहे. त्याआधी कूचबिहारमधली बहुचर्चित खेळी युवराज सिंगची होती. डिसेंबर १९९९च्या अंतिम सामन्यात बिहारच्या अख्ख्या संघाने ३५७ केल्या, तर पंजाबकडून एकट्या युवराजने ३५८. म्हणजे अकरा जणांच्या घामापेक्षा एका माणसाची धाव एकने जास्त. त्या बिहारच्या संघात ८४ धावा करणारा एक यष्टीरक्षक होता, महेंद्रसिंग धोनी. त्या दिवशी आमची समिती तिथे हजर असती तर तिने काय केलं असतं, हे सांगायला नको. युवराजच्या मनगटावर दोन तास चर्चा, आणि धोनीबद्दल, "केस फार वाढवलेत, अभ्यासात लक्ष नसणार."

आणखी मागे जावं तर पुणे, डिसेंबर १९४८. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ला फक्त नऊ धावा कमी असताना काठियावाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. पाहुणे मंडळी सामान बांधून चालती झाली. जगात असा पराभव विरळा, जिथे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची नऊ धावांची वाट अडवली. आणि या निंबाळकरांना आयुष्यात एकही अधिकृत कसोटी सामना मिळाला नाही. एकही नाही! ४४३ धावा करूनही निवडकर्त्यांना मनगट दिसलं नाही, तर मग अंबडच्या पोराने करायचं तरी काय?

ही कथा लेखकाने सांगितली तेव्हा गुरुजी गंभीर झाले. मग म्हणाले, "म्हणजे झोल ब्रॅडमनच्या एका धावेने मागे राहिला तर."

"हाव, पण तो ज्युनिअरचा सामना होता, गुरुजी."

"धाव ती धाव. ज्युनिअर म्हणून तिला अर्धं तिकीट नसतं."

पुढचा अध्याय समितीला तोंडपाठ आहे, पण तो सांगताना आवाज जरा खाली येतो. २०१४च्या जानेवारीत शारजात एकोणीस वर्षांखालच्या आशिया चषकाची अंतिम लढत झाली. पाकिस्तानविरुद्ध कर्णधार झोलने आणि संजू सॅमसनने, दोघांनीही शतक ठोकलं, चषक आपला. लगोलग संयुक्त अरब अमिरातीत विश्वचषक. कर्णधार जालन्याचा, उपकर्णधार सॅमसन, आणि संघात श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान. कुलदीपने स्कॉटलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने हरवलं. त्याआधी, विश्वचषक सुरू होण्याच्या तोंडावरच बंगळुरूत लिलाव झाला आणि रॉयल चॅलेंजर्सने झोलला ३० लाखांना घेतलं.

त्या संध्याकाळी जालन्यात पेढे वाटले गेल्याची आठवण सगळ्यांना आहे, पेढ्यांचे पैसे कुणी दिले याची कुणालाच नाही.

आता त्याच लिलावातलं, त्याच संघाचं बिल बघण्याजोगं आहे. युवराज सिंग १४ कोटी. विजय झोल ३० लाख. आणि हरियाणाचा एक किडकिडीत लेगस्पिनर, १० लाख. नाव युजवेंद्र चहल. देशातले तालेवार क्रिकेटपंडित, खेळाच्या चित्रफिती फिरवणारे विश्लेषक, संगणक, मालक, मालकांचे मेहुणे अशा सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या या किमती. पुढे काय झालं? १४ कोटींच्या युवराजला एका मोसमानंतर त्याच संघाने सोडलं. १० लाखांचा चहल आयपीएलमध्ये २०० बळी घेणारा पहिला गोलंदाज झाला आणि २०२४ला पंजाबने त्याला १८ कोटींना घेतलं. झोल महाराष्ट्राकडून रणजी खेळत राहिला, आणि त्याच्या हाताखाली खेळलेले पाच-सहा जण भारताच्या संघात जाऊन बसले. यात कुणाची चूक काढायला जागाच नाही. काढायची झालीच तर ती समिती काढते :

"मी तेव्हाच म्हटलं होतं, चहलला लक्षात ठेवा म्हणून."

"कधी म्हटलं होतं?"

"मनात."

पारखीचं एक वैशिष्ट्य असं की ती नेहमी मागच्या तारखेने होते.

वास्तविक जालन्याला हे नवीन असायला नको. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको सुरू केली आणि तेव्हापासून हे बियाण्यांचं गाव. पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का छापलेला असतो, शुद्धतेचा असतो, लॉट नंबर असतो, मुदत असते. इतकं सगळं छापूनही शेतकरी शेवटी आभाळाकडेच बघतो, कारण बी चांगलं असणं वेगळं आणि पीक येणं वेगळं. पोरावर तर काहीच छापलेलं नसतं. तरी जो माणूस बियाण्याच्या दुकानात पावती, हमी आणि शेजाऱ्याचा अनुभव विचारल्याशिवाय पिशवी उचलत नाही, तोच टपरीवर अठरा वर्षांच्या लेकराचं अख्खं भवितव्य अर्ध्या कटिंगमध्ये सांगून मोकळा होतो.

समितीचा कमीपणा वाटू नये म्हणून लेखकाने अमेरिकेचा दाखला दिला. तिकडे कॉलेजात बास्केटबॉल खेळणारी पोरं एनबीए या व्यावसायिक लीगच्या संघांत जातात ती लिलावाने नव्हे, ड्राफ्टने. संघ पाळीपाळीने एकेक पोरगं उचलतात, दोन फेऱ्यांत खेळ खलास. पण उचलण्याआधी जी पारख होते ती ऐकून आमचे मामासुद्धा गप्प झाले. शिकागोत पोरांना गोळा करतात. बूट काढून उंची मोजतात. दोन्ही हात पसरवून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजतात. पंजाची लांबी मोजतात, रुंदी मोजतात. उभ्या उभ्या किती उंच उडी मारतो ते मोजतात. पूर्वी वजनंही उचलायला लावत.

"लग्नाचं बघतात का काय?" गुरुजींनी विचारलं.

"लग्नात इतकं बघत नाहीत," सुपरवायझर म्हणाले आणि कुणाला तरी आठवून सुस्कारा सोडला.

तर इतकं मोजमाप करून काय साधतं? २००७ला केव्हिन ड्युरंट नावाच्या पोराला ८४ किलोंचा बार छातीवरून एकदाही उचलता आला नाही. सगळे हळहळले. पुढे त्याने असा काही खेळ केला की तो बार कुठे गेला हे कुणी विचारलं नाही. २००९ला डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजातला एक गार्ड ड्राफ्टला आला. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणून डाव रचणारा, संघात बहुधा सगळ्यांत बुटका असणारा गडी. अंगाने बारीक, ताकद बेताची, व्यावसायिक धक्काबुक्कीत टिकेल का, अशी शंका. मिनेसोटाच्या संघाकडे लागोपाठ दोन पाळ्या होत्या, पाचवी आणि सहावी. त्यांना गार्डच हवा होता. त्यांनी एक गार्ड घेतला, रिकी रुबिओ. मग दुसरा गार्ड घेतला, जॉनी फ्लिन. सातव्या पाळीला उरलेला तो बारीक पोरगा गोल्डन स्टेटने उचलला. त्याचं नाव स्टेफन करी. चार अजिंक्यपदं, आणि लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या बास्केटांचा एनबीएतला विक्रम! एकाच दुकानात दोनदा हात घालूनही नेमका नग सोडून येणं, हे काही येरागबाळ्याचं काम नाही.

२०१४ची तऱ्हा तर याहून भारी. सर्बियाच्या निकोला योकिचचं नाव एक्केचाळिसाव्या पाळीला पुकारलं गेलं तेव्हा टीव्हीवर खाण्याच्या पदार्थाची जाहिरात चालू होती. लोकांनी पदार्थ बघितला, माणूस बघितलाच नाही. तो माणूस पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्या पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५मध्ये बावन्नाव्या पाळीला डॅलसने निवडला. भारतात जन्मून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला खेळाडू. उंची सात फूट दोन इंच, मोजमापाला कमी काही नाही. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो अमेरिकेतच टीव्हीवरच्या कुस्तीत उतरला.

"म्हणजे तिकडेपण आपल्यासारखंच," मामा समाधानाने म्हणाले.

"हाव. फक्त तिकडच्या समितीला पगार असतो."

दाखला द्यायचा आणि गप्प बसायचं, एवढं लेखकाला जमलं असतं तर बरं झालं असतं. पण हात पसरवून मोजण्याची कल्पना त्याच्या डोक्यात बसली. बास्केटबॉलमधलं माप क्रिकेटला काय कामाचं, असा प्रश्न कुणीही विचारला नाही, कारण समितीला प्रथमच काही तरी शास्त्रीय करायला मिळत होतं. सुपरवायझरांनी मिलमधली पोलादी टेप आणली. पोराला मामांच्या आडतीवर बोलावलं आणि पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून उभं केलं. गुरुजींनी टेपचं एक टोक डाव्या मधल्या बोटावर धरलं, लेखक उजव्या बोटाकडे सरकला. तेवढ्यात गुरुजींना शिंक आली. टेप सुटली, सळसळत परत आली आणि लेखकाच्या अंगठ्याला चाटून डबीत गेली. माप आलं : लेखकाचा अंगठा, तीन टाके वाचले.

दुसऱ्या प्रयत्नाला आडतीवर डबा घेऊन आलेल्या मामी दारात उभ्या राहिल्या.

"काय शिवायलात लेकराला?"

"शिवत नाही, मोजतोय."

"मोजताय तर बाह्या ढिल्या ठेवा. अजून वाढतंय ते."

मग उडीची चाचणी. अमेरिकेत त्यासाठी खास खांब असतो. इथे पोराच्या बोटांना ओला चुना लावला आणि भिंतीवर जमेल तितक्या उंच हात मारायला सांगितलं. पोराने मनापासून उडी मारली. चुन्याचा पंजा जिथे उमटला तिथे दिवाळीत नव्यानेच दिलेला रंग होता, आणि त्या रंगावर मामांनी शुभ-लाभ काढून घेतलं होतं. पंजा 'लाभ'वर पडला. मामांचं तोंड बघून उडीचं माप घ्यायचं धाडस कुणाला झालं नाही. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने त्या पंजाला हात जोडल्याचं समजतं.

शास्त्र बाजूला ठेवून रविवारी प्रत्यक्ष सामना बघायचं ठरलं. एमआयडीसीच्या मागच्या मोकळ्या मैदानावर टेनिस चेंडूची स्पर्धा. पहिलं बक्षीस रोख, दुसरं बक्षीस त्याहून कमी रोख, मालिकावीराला कूलर. पोराची फलंदाजी सकाळी नऊला. समिती निघाली नऊला, कारण गुरुजींची स्कूटर सुरू होईना आणि शेवटी सगळे एका गाडीत बसले. मग मोंढ्याच्या नाक्यावर पोहे झाले. मग वाटेत मामांना एकाने मोसंबीच्या बागेचा सौदा सांगितला आणि तो ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाणं धर्माला धरून नव्हतं. समिती मैदानावर पोचली तेव्हा पोरगं अठ्ठेचाळीसवर खेळत होतं. पुढचा चेंडू त्याने सोडला. त्याच्या पुढच्या चेंडूवर समोरच्याने त्याला बोलावलं, अर्ध्यावर 'नको' म्हटलं, आणि पोरगं धावबाद.

एकूण नमुना दोन चेंडू. त्यावर निष्कर्ष पुढीलप्रमाणे निघाले.

गुरुजी : "सोडलेला चेंडू बघितला? सोडण्यात क्लास होता. हा कसोटीचा माणूस आहे, वीस षटकांत याला बसवूच नका."

सुपरवायझर : "धावताना उजवा पाय घासतो. दुखापत होणार. तिसऱ्या मोसमात, लिहून ठेवा."

मामा : "दोन कोटी. त्याच्या खाली सही करायची नाही."

लेखकाने वहीत लिहिलं : दोन चेंडू, शून्य धावा, उन्हाचा चटका. आणि त्याच्या शेजारी, सवयीने, 'प्रचंड क्षमता'. क्षमता हा शब्द फार सोयीचा. पुढे काही झालं तर आपण सांगितलं होतं. नाही झालं तर क्षमता वाया गेली. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर निम्मी कारकीर्द याच एका शब्दावर निभावता येते.

परतताना मामा जरा खट्टू झाले. त्यांचं मन राखायला लेखकाने शशांक सिंगची हकिगत सांगितली, आणि खरं तर ती सगळ्या पारख्यांना सक्तीने शिकवायला हवी. १९ डिसेंबर २०२३, दुबईतला लिलाव. यादीत शशांक सिंग नावाचे दोन खेळाडू. पंजाबच्या टेबलाने एकासाठी हात वर केला, हातोडा पडला, २० लाख. आणि मग टेबलावर चुळबुळ, की हा तो नव्हे! पण हातोडा पडला म्हणजे पडला. नंतर संघाने जाहीर केलं की आम्हाला हाच हवा होता. पुढच्या एप्रिलात अहमदाबादला गुजरातविरुद्ध दोनशेचं लक्ष्य, आघाडीचे सगळे परतलेले, आणि या शशांकने २९ चेंडूंत नाबाद ६१ करून सामना खिशात घातला. मोसमात ३५४ धावा. पुढच्या मोसमासाठी त्याच संघाने त्याला साडेपाच कोटींना राखून ठेवलं. त्या टेबलावरची त्या दिवशीची सर्वांत फायद्याची खरेदी कुठली, तर जी करताना हात आवरून घ्यावासा वाटत होता ती.

मामांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे चुकून जायला पण स्कोप आहे!"

"भरपूर आहे."

"मग याचं नाव बदलून घेऊ. गॅझेटमध्ये देता येतं."

कुणाच्या नावाशी जुळवायचं, यावर गाडीत बसल्या बसल्या मतदान सुरू झालं. गुरुजी सूर्यकुमारच्या बाजूने, सुपरवायझर म्हणाले, परदेशी खेळाडूचं ठेवा, भाव जास्त येतो. मागच्या सीटवर कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या पोराला तोवर कुणीच काही विचारलेलं नव्हतं. त्याने घसा खाकरला.

"मामा, लिलावाचं राहू द्या. मला एक सर्टिफिकेट मिळंल का बघा. खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असतंय. राज्य पातळीवर एखादा नंबर आला असता तर भरतीत कामाला आलं असतं."

"कुठल्या भरतीत?"

"पोलीस भरती. नाही तर एसआरपीएफ. गट तीन तर आपल्या जालन्यातच आहे."

गाडीत क्षणभर इंजिनाचाच आवाज होता. मग पोराने हळूहळू सगळंच सांगितलं. पहाटे साडेचारला उठून अंबड रोडला पळतो. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत आलं की वीसपैकी वीस. शंभर मीटर साडेअकरा सेकंदांत आलं की पंधरापैकी पंधरा. तिथे मनगट बघत नाहीत. चिप लावतात, शिट्टी वाजवतात, आकडा लिहितात. त्याच्यासोबत पळणारी आणखी चाळीस-पन्नास पोरं आहेत, परतूरचा तो लेगस्पिनरसुद्धा मध्यंतरी वर्षभर यायचा. छाती भरते, उंची भरते, पळण्यात अडचण नाही.

"मग घोडं अडलंय कुठं?"

"गोळ्यात. सव्वासात किलोचा असतो. साडेआठ मीटर गेला पाहिजे. माझा सहाच्या पुढं सरकंना."

दोन कोटींवरून सहा मीटरवर यायला समितीला फार वेळ लागला नाही. उलट गाडीत चैतन्य आलं. गोळा फेकण्याबद्दल आपल्याला किती माहिती आहे, हे प्रत्येकाला एकाच वेळी आठवलं. गुरुजींनी १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर दगड कसे फेकले, ते सांगितलं. सुपरवायझर म्हणाले, सराव करायचा तर गोळा स्वतःचा पाहिजे, आणि लोखंडाच्या गावात गोळा विकत आणणं म्हणजे बेइज्जती, मी ओततो.

आठवड्याभरात गोळा आडतीवर हजर झाला. काळाकुळकुळीत, बऱ्यापैकी गोल, एका बाजूला जरा चेपलेला. मामांनी तो धान्याच्या काट्यावर ठेवला. काटा अकरा किलो चारशे ग्रॅमवर थांबला.

"जरा जास्त भरला," सुपरवायझर म्हणाले.

"जरा? चार किलो!"

"मग उलट चांगलंच की. अकराचा सहा मीटर गेला तर सव्वासातचा आपोआप नऊ जाणार. साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. सांगा गुरुजी."

गुरुजींनी पाटीचा अंदाज घेत बोटांवर आकडे मोडले आणि नऊ पूर्णांक चार दशांश, असं जाहीर केलं. प्रस्तुत लेखकाने ते वहीत लिहून घेतलं. पोराने दोन्ही हातांनी गोळा उचलला, छातीशी धरला, बाहेर उभ्या असलेल्या आपल्या मोटारसायकलकडे बघितलं आणि विचारलं, "मामा, हे अंबडला न्यायचं कसं?"

मांडीत धरून, असं मामांचं मत पडलं. टाकीवर बांधून, असं गुरुजींचं. सुपरवायझर म्हणाले, ते काही कुणाला उचलून नेता येणार नाही, रस्त्याने ढकलत नेऊ द्या, तेवढाच सराव.